आधी बोर्डाकडे बघ

गारखेडा परिसर,
छत्रपती संभाजीनगर

चि. मनू,

तुझा निरोप रात्री उशिरा आला होता, तो मी सकाळी वाचला, कारण जेवणं उरकली की या घरात कुणी फोन हातात घ्यायचा नाही असा तुझ्या आजीचा हुकूम आहे आणि तो मोडायची माझी अजून छाती झालेली नाही. ई-रीडर चार्ज होत नाही, वायर लावली तरी दिवा लागत नाही, पडद्यावर मात्र जुनं पान तसंच दिसतंय, परीक्षा संपली म्हणून आता पोटभर वाचायचं ठरवलं होतं, आणि नवीनच घेऊन टाकू का, असं सगळं तू एका दमात लिहिलंस. त्यातला शेवटचा प्रश्न तेवढा सोडला तर बाकी सगळं मला फार गोड वाटलं. परीक्षा संपल्यावर ज्या लेकराला आधी पुस्तक आठवतं त्याच्याबद्दल आम्ही म्हाताऱ्यांनी कसली काळजी करायची? काळजी आहे ती त्या ‘घेऊन टाकू का’ची.

फोनवर मी तुला एवढंच म्हणालो की आपल्या डोळ्यांसमोर वायर लावून ठेव, सारखी काढू-घालू नकोस आणि बटणं दाबत बसू नकोस. का, ते विचारलंस तेव्हा पत्रात लिहितो म्हणून फोन ठेवला. रागावली असशील. पण फोनवर तू ‘हो आबा, हो आबा’ म्हणत जिना उतरत असतेस हे मला इथे ऐकू येतं गं, आणि ही गोष्ट जिना उतरता उतरता ऐकायची नाही.

माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली हे तुला ठाऊकच आहे. 2005च्या जूनमध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पाटीवर महावितरण आलं, पण फॉल्ट शोधायची रीत काही बदलली नाही. वीज जिथून येते तिथून बघत यायचं: डीपीपासून खांबाकडे, खांबापासून मीटरकडे, मीटरपासून बोर्डाकडे आणि सगळ्यात शेवटी दिव्याकडे. नवखा पोरगा आधी शिडी लावून दिवाच काढायचा, कारण अंधार तिथे दिसतो. तुझ्या ई-रीडरचंही तेच. तू पहिला संशय त्याच्यावर घेतलास, आणि तो तर या सगळ्या साखळीत शेवटचा.

म्हणून आधी बोर्डाकडे बघ. बटण चालू आहे ना, हे विचारलं की तुम्ही मुलं हसता, पण आपल्याकडच्या बोर्डाला बटण असतं आणि पंखा म्हणून कुणीतरी ते बंद करून जातं, हे मी शिकल्यासवरल्या घरांतून इतक्यांदा पाहिलंय की मला विचारायची लाज वाटत नाही. तुझ्या होस्टेलमध्ये तो पॉइंट खाटेच्या मागे आहे, आधीच्या मुलींनी इस्त्रीपासून किटलीपर्यंत सगळं त्यात खुपसलेलं असणार, आतल्या पट्ट्या ढिल्या झालेल्या असणार आणि तुझ्या अडॅप्टरच्या दोन बारीक पिना त्यात नुसत्या लोंबत असतील. अडॅप्टर हलवल्यावर चुर्रचुर्र आवाज आला किंवा तो पॉइंटजवळ तापलेला लागला, तर तिथे परत काही लावू नकोस, होस्टेलच्या बाईंना सांग. आवाज नसेल तर त्याच पॉइंटला तोच अडॅप्टर आणि तीच वायर लावून मैत्रिणीचा फोन चार्ज होतो का बघ. झाला, तर वीज वायरीच्या टोकापर्यंत येतेय हे पक्कं.

नाही झाला तर एका वेळी एकच वस्तू बदलायची. आधी वायर बदलून बघ, अडॅप्टर तोच ठेव. मग जुनी वायर परत लाव आणि अडॅप्टर बदल. घाईत दोन्ही एकदम बदललंस आणि दिवा लागला, तर नक्की काय बिघडलं होतं ते कधीच कळायचं नाही आणि एखादी धडधाकट वस्तू कचऱ्यात जाईल. वायर बहुतेक वेळा टोकाशी मरते, जिथे ती रोज मुडपली जाते. वरून गोरीगोमटी दिसते आणि आतली बारीक तार तुटलेली असते. नवी घ्यावी लागलीच तर तिथे पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे, विजेच्या सामानाची अशी गल्ली आमच्याकडे असती तर मी निवृत्त झाल्यावर तिथेच राहायला गेलो असतो. पण फार स्वस्तातली घेऊ नकोस. काटकसर म्हणजे चांगली वायर एकदाच घेणं आणि ती गुंडाळताना मुडपायची नाही, एवढंच.

आणखी एक गंमत सांगतो, ही मलाही नवीनच आहे. तुझा नवा फास्ट चार्जर दोन्ही बाजूंनी टाइप-सी वायर घेतो ना, तो फार सावध असतो. पलीकडे कोणतं यंत्र आहे याची खूण त्याला पिनांमधून मिळाली नाही, तर तो वीजच सोडत नाही. काही यंत्रांमध्ये ही खूण द्यायचे बारीकसे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. अशी यंत्रं साध्या चौकोनी यूएसबीच्या जुन्या अडॅप्टरवर छान चार्ज होतात आणि महागड्या फास्ट चार्जरवर ढिम्म. म्हणून बाबाच्या कपाटातला तो जुना पांढरा अडॅप्टर मी तुला जाताना दिला होता, तो वापर. लॅपटॉप असेल तर त्याला लावून बघ. साधं यूएसबी अर्धा अँपिअर देतं, ई-रीडरला तेवढं चालतं. त्याची बॅटरी तुझ्या फोनच्या बॅटरीच्या निम्मीसुद्धा नसते, त्याला धबधब्याखाली उभं करायची गरज नाही. (युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून फोन आणि ई-रीडर या सगळ्यांना टाइप-सीचंच छिद्र असलं पाहिजे असा कायदा लागू झालाय. घरातल्या वायरींचा गुंता बघता मला तो कायदा आजीनेच केला असावा असं वाटतं.)

आता ते छिद्र. ई-रीडर तुझ्या कापडी पिशवीत डब्याशेजारी, पेनांशेजारी फिरतो. पिशवीतला तंतू आणि धूळ त्या छिद्रात जाते आणि प्रत्येक वेळी वायरीची पिन तिला आत दाबून बसवते. पिन पूर्ण आत जात नसेल, जराशी बाहेर राहून डुगडुगत असेल, तर हेच. यंत्र बंद करून, उजेडात धरून, कोरड्या लाकडी टूथपिकने अलगद ती खरवड बाहेर काढ. आत मधोमध एक पातळ जीभ असते तिला धक्का लावू नकोस. सुई, टाचणी, केसांची पिन बिलकूल नको. तोंडाने फुंकूही नको, फुंकरीबरोबर वाफ जाते. आणि कधी पाणी सांडलं असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावायची नाही. तांदळाच्या डब्यात ठेवू नकोस. तांदळाने काही वाळत नाही, उलट त्याचं पीठ छिद्रात जातं.

तू म्हणालीस की पान दिसतंय म्हणजे यंत्र जिवंत असणार. हा तर्क फोनच्या बाबतीत बरोबर आहे, इथे नाही, आणि मला हेच तुला निवांत सांगायचं होतं. त्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य बारीक पुड्या असतात, त्यांच्यात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, दोघांवर एकमेकांविरुद्ध विद्युतभार. वीज दिली की पांढरे वर येतात किंवा काळे वर येतात आणि अक्षर उमटतं. आणि मग वीज काढून घेतली तरी ते जिथल्या तिथे राहतात. पान उलटताना तेवढी वीज लागते, वाचत बसायला लागत नाही. म्हणूनच हे यंत्र आठवडेच्या आठवडे चालतं, आणि म्हणूनच त्याची बॅटरी पार संपली तरी शेवटचं पान पडद्यावर तसंच राहतं. ही कणांची शाई अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत जन्मली, तिची कंपनी 1997 मध्ये निघाली, सोनीने 2004 मध्ये जपानात तिचं पहिलं वाचनयंत्र विकलं आणि 2007च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत किंडल आलं. आपल्याकडे त्याचं दुकान 2012 मध्ये उघडलं आणि मराठी पुस्तकं त्यावर अधिकृतपणे यायला 2016चा डिसेंबर उजाडला. एवढी वर्षं आपण वाट बघितली, तर दिवा लागायला दोन-तीन तास लागले म्हणून काय झालं?

कारण मला वाटतं तुझ्या यंत्राचं दुखणं हेच आहे, की ते उपाशी आहे. परीक्षेआधी तू ढीगभर पुस्तकं एकदम भरलीस आणि अभ्यासाला लागलीस म्हणून ते कपाटात ठेवून दिलंस. (कपाटात ठेवलंस हे फार चांगलं केलंस, तुझी आई परीक्षेच्या दिवसांत उशीखाली कादंबरी ठेवायची.) पण नवीन पुस्तकं आत आली की ते यंत्र आपलं आपण प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची सूची करत बसतं, त्यात बॅटरी भराभर जाते. शिवाय ते झोपलं तरी पुरतं झोपत नाही, वाय-फाय चालू असेल तर मधूनमधून जागं होऊन बघतं. महिन्या-दोन महिन्यांत बॅटरी तळाला गेली. लिथियमची बॅटरी पूर्ण भरली की 4.2 व्होल्टवर असते. ती 3 व्होल्टच्या खाली गेली की तिला एकदम पूर्ण करंट देणं धोक्याचं असतं, म्हणून आतलं सर्किट आधी अगदी थोडा, साधारण दहाव्या हिश्शाचा करंट सोडतं. फार दिवसांच्या उपासावर लगेच पुरणपोळी वाढत नाहीत, आधी पातळ पेज देतात, तसं. या पेजेच्या वेळात पडद्यावर काही बदलत नाही, कित्येकदा दिवाही लागत नाही. माणसाला वाटतं काहीच होत नाही, आणि तो वायर काढतो, दुसरी लावतो, बटण दाबतो, परत काढतो. दर वेळी उठायला निघालेलं यंत्र तो परत खाली बसवतो.

म्हणून म्हणालो, लावून ठेव आणि हात लावू नकोस. निदान दोन-तीन तास. तेवढ्या वेळात कपडे धू, खोली झाड, आईला फोन कर. तरीही काही हललं नाही तर मग वायर लावलेलीच ठेवून चालू-बंदचं बटण दाबून धर. किंडलवाल्यांना कंपनी चाळीस सेकंद सांगते. तुझ्या यंत्राचा आकडा त्याच्या पुस्तिकेत बघून घे. चाळीस सेकंद फार असतात बरं का, तू दहालाच सोडशील. मनातल्या मनात ‘शुभंकरोति’ दोनदा म्हण, सावकाश, आजीच्या चालीत, म्हणजे बरोबर तेवढा वेळ जातो. पडदा एकदा काळा-पांढरा लुकलुकला की समज, आतलं डोकं नव्याने जागं झालं. त्यातलं एकही पुस्तक जात नाही, घाबरू नकोस. पण सगळं पुसून टाकणारं जे दुसरं बटण सेटिंगमध्ये असतं, त्याच्या वाटेला जायचं नाही.

या बॅटरीची कथा तुला सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही. जॉन गुडइनफ नावाचा एक माणूस होता, 1922 सालचा. लहानपणी त्याला वाचताच यायचं नाही नीट; अक्षरं जुळायची नाहीत, आज त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, तेव्हा कुणाला नाव माहीत नव्हतं. तो पुढे पदार्थविज्ञान शिकला आणि 1980 मध्ये, म्हणजे माझ्या मंडळात माणसं निवृत्तीच्या अर्जाचा विचार करायला लागतात त्या वयात, त्याने ऑक्सफर्डला लिथियम आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचा तो भाग शोधला ज्याने ही बॅटरी खरी कामाची झाली. जपानात अकिरा योशिनोंनी 1985 मध्ये तिला सुरक्षित रूप दिलं, 1991 मध्ये सोनीने ती बाजारात आणली. आणि नोबेल? ते 2019 मध्ये मिळालं, योशिनो आणि स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांच्याबरोबर. तेव्हा गुडइनफ 97 वर्षांचे होते, इतक्या वयात नोबेल मिळालेलं दुसरं कुणी नाही, आणि तेव्हाही ते आणखी चांगल्या बॅटरीवर काम करत होते. 2023च्या जूनमध्ये शंभरी ओलांडून गेले. ज्या मुलाला वाचता येत नव्हतं त्याच्या कामावर आज जगभरातली वाचनयंत्रं चालतात. मी हे आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्यांची आई किती धीराची असेल. माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

आता तापमानाचं. इथे गारखेड्यात सध्या दुपारी स्लॅब असा तापतो की माडीवर पाय ठेववत नाही, पारा चाळिशीच्या वर, नळाला पाणी कधी येईल त्याची वाट बघत सगळी गल्ली पिंप घासून बसलेली. अशा दुपारी बॅटरी चार्ज करू नये. या बॅटऱ्यांना 45 अंशांच्या पुढे चार्जिंग झेपत नाही, शहाणं सर्किट असेल तर आपणच थांबतं, आणि आपण म्हणतो बिघडलं. पुणं एवढं तापत नाही, पण खिडकीतल्या उन्हात, गादीवर, उशीखाली ठेवलेलं यंत्र तितकंच तापतं. मी पहाटे उठून विभागीय क्रीडा संकुलाकडे फिरायला निघतो, परत येईपर्यंत सूतगिरणी चौकात चहाच्या गाड्या लागलेल्या असतात. आल्यावर फोन चार्जिंगला लावतो आणि शेजारी पेपर घेऊन बसतो. त्या वेळी हवा गार असते, शेजारचे कूलर बंद असतात, विजेचा दाब स्थिर असतो, आणि मुख्य म्हणजे आपण जागे असतो. तूही पहाटे उठत होतीसच इथे, मला सांगावं लागत नव्हतं. होस्टेलात सवय मोडली असेल तर मोडू दे, चार दिवसांत परत लागेल. रात्रभर चार्जिंगला लावून झोपण्यापेक्षा उठल्यावर लावावं, अंघोळ आणि नाश्ता होईपर्यंत पुष्कळ भरतं.

एका गोष्टीत मात्र मी थांब म्हणणार नाही. यंत्र उलटं करून टेबलावर ठेवून बघ. पाठ फुगलेली वाटली, टेबलावर ते डुलायला लागलं, पडदा कडेने उचलला गेला, किंवा गोडसर उग्र वास आला, तर त्या क्षणी वायर काढ आणि परत लावूच नकोस. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, उघडायची नाही. ती घंटागाडीत टाकायची नाही, कचऱ्याच्या गाडीत दबली तर पेट घेते. ई-कचरा घेणारं केंद्र असतं, किंवा कंपनीला परत घ्यावी लागते. 2022च्या नियमांनी उत्पादकावर ती जबाबदारी टाकलेली आहे. हे वाचून लगेच घाबरू नकोस, बहुतेक वेळा असं काही नसतं. पण बघून घे.

हे सगळं करूनही दिवा लागला नाही, तर मग दुरुस्ती. आधी बिल शोध. वर्ष झालं नसेल तर वॉरंटीत बसतं, आणि वॉरंटीत असताना बाहेर कुठेही उघडायला द्यायचं नाही. वर्ष उलटलं असेल तर सुट्टीला येताना घेऊन ये. पैठण गेटजवळच्या मोबाइलच्या दुकानांत सूक्ष्मदर्शकाखाली चार्जिंगचं छिद्र काढून नवीन बसवणारी पोरं आहेत, मी त्यांच्याकडे काचेबाहेर उभा राहून बघत राहतो, काय हात आहेत एकेकाचे. छिद्र बदलणं स्वस्तातलं काम. बॅटरी बदलणं जरा अवघड, कारण ती आत डिंकाने चिकटवलेली असते आणि या शाईच्या पडद्यामागची काच इतकी पातळ असते की ओढताना ती तडकते. म्हणून देताना दुकानदाराला आधी विचारायचं की ई-रीडर यापूर्वी उघडलाय का. नाही म्हणाला तर ‘बरं, बघू’ म्हणून पुढच्या दुकानात जायचं, भिडेला बळी पडायचं नाही.

आणि नव्याचं म्हणशील तर, ते पैसे तू शिकवण्या घेऊन साठवलेस हे मला ठाऊक आहे, ते तुझे आहेत, मी नको म्हणणार नाही. फक्त आठवडाभर थांब. तोवर होस्टेलच्या ग्रंथालयातली कागदी पुस्तकं आहेतच की, त्यांना चार्ज करावं लागत नाही.

चार्ज झाल्यावर एवढं कर, वाय-फाय बंद ठेव, पुस्तकं दहा-दहाने भर, आणि पुन्हा कधी महिनाभर ठेवून द्यायची वेळ आली तर साधारण अर्धी भरून ठेव, रिकामी नाही आणि काठोकाठ भरलेलीही नाही.

आजी म्हणते, तिला ज्ञानेश्वरी मोठ्या अक्षरांत वाचायची आहे, छापील पोथीवर आता तिची नजर ठरत नाही. तुझ्या यंत्रात ती भरून आण आणि अक्षर कसं वाढवायचं ते तिला तूच शिकव. मी शिकवायला गेलो तर आमचं भांडण होतं. दिवा लागला की कोणत्या रंगाचा लागला ते कळव, आणि यंत्राचं बिल सापडलं तर त्याचा फोटो बाबाला पाठव, मी छापून फायलीत लावून ठेवतो.

तुझा,
आबा

ता.क. टूथपिक होस्टेलात मिळाली नाही, तर मेसच्या काकूंना माग. वापरली की परत देऊ नकोस म्हणजे झालं.